हाताला कळतं तोवर

"भुगा दाखव."

कामावरून परतलेल्या माणसाला मिस्त्री पहिली ही गोष्ट विचारायचे. चहापाणी नंतर. मग तो माणूस खिशातून मूठभर भुगा काढून त्यांच्या पंजावर ठेवायचा आणि मिस्त्री तो उन्हात धरून बघायचे. जाड, पोह्यांसारखा असला तर मान हलायची. पिठासारखा बारीक असला की तोंड वाकडं व्हायचं.

"चेन बोथट झाली तरी दाबत बसलास? झाड कापलंस का दळलंस रे?"

महाडला आमच्या मालकांचा झाडं उतरवण्याचा धंदा आहे. घरावर कललेली, विजेच्या तारांत घुसलेली, वादळानं अर्धवट मोडलेली झाडं आमची माणसं वरून खाली, तुकड्यातुकड्यानं काढतात. मी त्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचे अर्ज लिहितो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, हा धंदा माझ्या अर्जांवर चालतो. तो खरा कशावर चालतो ते मिस्त्रींनी मला दाखवलं, आणि तेही एकदाही न दुखावता. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं कळलं तर ते रागावतील.

मूळचे ते पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतले. मुंबईत गॅरेजमध्ये पुष्कळ वर्षं काढली, मग गावाकडे आले आणि स्वतः कटर, म्हणजे झाडं कापायची चेनची करवत, चालवू लागले. पाठ धरली तेव्हापासून ते फक्त यंत्रं सांभाळत. कटर, फांद्या बारीक करायचं मशीन, ओंडके ओढायची विंच, सगळं त्यांच्या ताब्यात. चेनला धार लावायची गोल कानस ते बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत. कुणी मागितली तर म्हणायचे, "कानस आणि दात घासायचा ब्रश मी कुणाला देत नाय."

एकदा एकानं घाईत कटरमध्ये नुसतं पेट्रोल ओतलं, ऑइल मिसळलंच नाही. मिस्त्रींनी टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "घरी बिनतेलाची आमटी वाढली तर तू ताट सरकवतोस ना? मग ह्याला का पाजतोस?" त्या माणसानं पुन्हा ती चूक केली नाही. आम्ही त्याला बरेच दिवस 'आमटी' म्हणत होतो.

यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक ते मला वाचायला लावत. "शिकलेला हायस, वाच." मी वाचून मराठीत सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. 'यंत्र कोरड्या जागी ठेवावे' हे वाक्य आलं तेव्हा ते खुदकन हसले. "महाडात पावसाळ्यात कोरडी जागा? हितं माणूस बी कोरडा ऱ्हात नाय." तरीही दर मे महिन्यात एकेक कटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ते माळ्यावर चढवायचे. पुस्तकाचा मान त्यांनी ठेवला. माझ्या पदवीचाही ठेवला, माझ्या वडिलांनी ठेवला तितकाच.

एक गोष्ट मात्र ते कुणावर सोपवत नसत. कटरच्या पुढच्या मुठीसमोर एक आडवी पट्टी असते. कटर उसळून अंगावर आलं की ती मनगटाला लागते आणि चेन जागच्या जागी थांबते. हा ब्रेक ते रोज सकाळी स्वतः तपासत. झाडावर चढून कापणारा आमचा शांताराम. घरी म्हातारी आई, बायको आणि नुकतीच चालायला लागलेली पोर. मिस्त्री ब्रेक लावून बघायचे, कटर त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जा आता."

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घरात कुणाला काही बाधलं तर भगत झाडात खिळे ठोकून ती बाधा तिथे 'बांधतो'. मग त्या झाडाबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोललं की बांधलेलं सुटतं. वर्षं जातात, साल खिळ्यावरून वाढते, बाहेरून काही दिसत नाही. कटरची फिरती चेन अशा खिळ्याला लागली तर काय होतं, ते सांगायला नको.

यावर मिस्त्रींचा उपाय एकच, आणि त्यासाठी ते झाडापाशी स्वतः यायचे. खोडाभोवती एक फेरी मारायची आणि सालीवरून बोटं फिरवत जायचं. खिळा असेल तिथे साल किंचित फुगलेली असते, फोड बरा झाल्यावर कातडी असते तशी. मी तिथेच हात फिरवायचो, मला काही लागायचं नाही. ते खडूनं खूण करायचे आणि तिथे खिळा निघायचाच. "हाताला कळतं," एवढंच म्हणायचे.

मागच्या थंडीत एका सकाळी चहा आला. उकळता चहा, स्टीलचे पेले. मिस्त्रींच्या हातातला पेला मी बाजूला ठेवायला घेतला आणि चटका बसून माझ्या हातून पडला. तोवर तो त्यांनी आरामात धरला होता.

"मिस्त्री, तुम्हाला भाजलं नाही?"

त्यांनी बोटांकडे पाहिलं. शेंडे पांढरेफटक पडले होते. वर्षानुवर्षं कटरच्या थरथरणाऱ्या मुठी धरल्याचं ते फळ.

"सकाळी मुंग्या येतात. ऊन चढलं की जातात," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "कुणाला बोलू नको रे. हे काम सुटलं तर वाडीत जाऊन करू काय? गुरं माझं ऐकत नाय."

मी हसलो. आणि कुणाला बोललो नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आम्ही शिवथरच्या खोऱ्यात एका वाडीत गेलो. घरावर कललेलं बेहड्याचं झाड उतरवायचं होतं. कडक थंडी होती. मिस्त्रींनी घरातल्या आजींना नेहमीचा प्रश्न केला, "आये, या झाडाला कुणाचं काय बांधलंय काय?"

"मला नाय ठावं," आजी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मिस्त्रींनी झाडाभोवती फेरी मारली. मग दुसरी मारली. दुसरी फेरी मारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची बोटं मला दिसत होती, पांढरी. ते थोडा वेळ थांबले. वर सूर्य अजून डोंगराआड होता आणि माणसं दोर बांधून तयार होती.

"साफ हाय," मिस्त्री म्हणाले.

दुपारपर्यंत फांद्या उतरल्या. नुसतं खोड उरलं तेव्हा शांताराम खाली आला आणि छातीच्या उंचीवर त्यानं कटर लावलं. क्षणभरानं खण्ण असा आवाज झाला, ठिणगी उडाली आणि कटर उसळून त्याच्या गळ्याकडे आलं. पट्टी मनगटाला लागली. चेन थांबली. गळा आणि चेन यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं.

शांतारामनं कटर खाली ठेवलं. मग म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या ब्रेकनं वाचवलं."

बाकीचे आजींवर तुटून पडले. "जीव गेला असता त्याचा! सांगायला काय झालं होतं?"

"बोललं की सुटतं, बाबांनो," आजी रडू लागल्या. "माझ्या जावेच्या बाळंतपणातलं हाय ते. आजपातूर घरात कोण बोललं नाय."

सगळे त्यांना बोलत होते. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

मिस्त्री पुढे आले. "तिला बोलू नका. लोकं सांगत नायत हे काय आपल्याला नवीन हाय? माझ्या हाताला कळलं नाय."

"असू दे मिस्त्री, साल जाड आहे," शांताराम म्हणाला.

"हात आण." त्यांनी त्याचा हात धरला आणि खोडावर, कापाच्या थोडं खाली फिरवायला लावला. "लागतंय काय?"

शांताराम थबकला. "हो. गाठ आहे इथे."

"दुसरा खिळा हाय तो. मला आत्ता बी लागत नाय."

ब्रेकचं कौतुक घेऊन ते गप्प राहू शकले असते. कुणाला कळलं नसतं. त्या संध्याकाळी त्यांनी मालकांना बोटांचं स्वतःच सांगितलं आणि काम सोडतो म्हणाले. मालक भले आहेत. म्हणाले, "नुसते बसून राहा, पोरांना सांगत जा."

"सांगणाऱ्याला बी कळाय लागतं, शेठ," मिस्त्री म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस ते शांतारामला डोळे मिटून ओंडक्यांवरून हात फिरवायला लावत होते. कानसही त्यालाच दिली, लुगड्याच्या तुकड्यासकट. आता मालकांनी धातू शोधायचं यंत्र आणलंय, तरी शांताराम आधी हात फिरवतो.

शेवटच्या दिवशी मी त्यांना पोलादपूरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेलो. मोटरसायकलवर मागे बसून ते सबंध रस्ताभर माझ्या गाडीच्या इंजिनाला नावं ठेवत होते. उतरल्यावर मी कसंबसं म्हणालो, "मिस्त्री, चहाचा पेला पडला त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं."

"मी गप्प बस म्हटलं, तू बसलास." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "पुढल्या टायमाला मोठ्या माणसाचं ऐकू नको."

वाडीकडे जाणारी एसटी लागली होती. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. मग खाली वाकून पाहिलं, माझा हात खरंच आपल्या हातात आहे का ते. आहे असं दिसल्यावर त्यांनी तो घट्ट दाबला.