लाल दोऱ्याचं टमाटर

सौसरला आमच्या शेजारी एक मास्तरीणबाई राहायच्या. परसात त्या लांबट टमाटरं लावत. रोपांना कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा टेका देत, लुगड्याच्या चिंध्यांनी बांधत आणि वर्गात पोरांवर ओरडावं तसं ओरडत, "सरळ उभी राहा ना वं!" गोल टमाटरांना मात्र नावं ठेवत. "नुसतं पाणी हाय ते."

दरसाल सगळ्यात देखण्या फळाच्या देठाला त्या लाल दोरा बांधत. ते बियाण्याचं. "याले हात नाही लावाचा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत. मला तर त्या फळाची भीतीच वाटायची.

एका उन्हाळ्यात माझ्या बायकोला दिवस गेले. तिच्या पोटात पाणी ठरेना, आणि हवं होतं फक्त आंबट टमाटर. बाजारात ते मिळालं नाही. बाईंची रोपंही वाळली होती. दोऱ्याचं एकच फळ उरलं होतं. मी कुंपणाशी नुसता उभा राहिलो.

"काय पाहून राहिले, भाऊ?"

मी सांगितलं. बाईंनी आधी दोरा सोडून मुठीत धरला, मग फळ तोडून माझ्या हातावर ठेवलं.

हिवाळ्यात आमच्या पोरीचं बारसं झालं. बाईंच्या परसात तेव्हा मोहगावच्या बाजारातून आणलेल्या रोपांना गोल टमाटरं लागली होती. त्यांनी तोच लाल दोरा पोरीच्या मनगटाला बांधला आणि जमलेल्या बायांना दटावलं, "हिले हात नाही लावाचा."

मग स्वतःच तिला उचलून घेतलं, आणि खाली ठेवीनातच.