बॅटरी ओट्यावर होती

आमचा पहिला मुलगा तापाने गेला, तेव्हापासून मी देव्हाऱ्यापुढे हात जोडणं सोडलं होतं. मी डॉक्टर. धुळ्याला देवपुरात माझा दवाखाना होता. खेड्यांवरून लोक बैलगाडीत घालून रोगी आणत आणि ते बरे होऊन जात. घरचं पोर मात्र माझ्या हाती लागलं नाही. श्रावणात घरात कानबाई देवी बसली, की मी दवाखान्यात जाऊन बसायचो. काय कशाला जोडलंय ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी काही मानत नसे, आणि त्याचा मला तोराही होता.

माझी सगळी भक्ती आमच्या जुन्या मोटारीवर, त्यातही तिच्या बॅटरीवर. बॅटरीत घालायला मी पावसाचं पाणी काचेच्या बरण्यांत धरून ठेवायचो. वायरींच्या टोकांवर पांढरा थर साचला, की सोड्याच्या गरम पाण्याने धुवून वंगण लावायचो. दसऱ्याला बायको बॅटरीला कुंकू लावायची आणि मी ते फडक्याने पुसून टाकायचो, वर तिला हसायचोही.

एका मे महिन्यात त्या बॅटरीने मान टाकली. पाणी घालून, चार्ज करून काही उपयोग होईना. नवी दुकानात चार्जिंगला लावलेली होती, ती संध्याकाळी मिळायची होती. दुपारी जेवण झाल्यावर मी जुनी काढून ओट्यावर आणली. झळांबरोबर धूळ आत जाऊ नये म्हणून मोटारीच्या काचा चढवल्या, दारं लावली, आणि बॅटरीची गंजलेली पट्टी घासत सावलीला बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. आमच्याच मोटारीचा तो घोगरा आवाज. कुणाचं तरी कार्टं आत चढलं असणार म्हणून मी तणतणत उठलो, आणि पायाशी बॅटरी दिसली.

शेजारचे नाना, म्हातारे शेतकरी, कुंपणापाशी आले आणि आत कोण बसलंय ते विचारू लागले. "डाक्टरभाऊ, तुमनी मोटारना हॉर्न वाजी ऱ्हायना. मझार कोन बठेल शे?"

"बॅटरी इथं आहे, नाना," मी म्हणालो.

त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, मग मोटारीकडे. "मंग तठे जाऊ नका," ते हळूच म्हणाले.

मलाही जायचं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो होतो. पाय घराकडे वळलेही होते. तेव्हा तो पुन्हा वाजला आणि थांबेचना. कुणीतरी बटणावर हात दाबून धरला आहे असं वाटत होतं. काय होतंय ते न कळताच मी धावलो. दार उघडलं आणि आवाज बंद पडला. पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. मागे खाली, सीटच्या पायाशी, आमची चार वर्षांची मुलगी निपचित पडली होती. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं आणि कोरडंठाक.

मी बॅटरी काढत असताना ती उघड्या दारातून कधी आत शिरली आणि झोपली, मला कळलंच नव्हतं. मला वाटत होतं ती आईजवळ आहे, आईला वाटत होतं माझ्याजवळ. आम्ही तिला ओल्या चादरीत गुंडाळलं, डोक्यावर पाणी धरलं. मला तिची नाडी सापडेना. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, "आई, पुढे बसलेली बाई कुठं गेली?"

बायकोने तिला नुसतं पोटाशी धरलं.

संध्याकाळी नवी बॅटरी बसवण्याआधी मी हॉर्नचं बटण दाबून पाहिलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं, जोर लावून दाबलं. कुंपणापलीकडून नाना बघत होते, ते आत निघून गेले.

त्या श्रावणात बायकोने विसर्जनासाठी कानबाई डोक्यावर घेतली आणि मी तिच्यामागून पांझरा नदीपर्यंत अनवाणी चालत गेलो. मागायचं काही नव्हतं. मुलगा का गेला आणि मुलगी का राहिली, हे मला आजही कळत नाही. पूर्वी त्याचा राग यायचा. आता वाटतं, सगळं मला कळलं पाहिजे हा हट्टच कशाला? मिळालं ते ओंजळीत घ्यावं.

त्यानंतर कितीतरी बॅटऱ्या बदलल्या. जुनी काढली, की बायको त्या रिकाम्या जागी कुंकवाचं बोट लावते. मी पुसत नाही. वायरी हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहतो, आणि घरातून मुलीचा आवाज ऐकू आला, की मग जोडतो.