धोंड्याच्या महिन्यातला परग्रहवासी

अधिक महिन्यात सासूनं जावयाला झाडूनं मारू नये, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. तशी वेळ कुणावर येईल असं पोथी लिहिणाऱ्यांना वाटलंच नसावं. ती आमच्यावर आली, आणि आणली मी.

मी फिल्म मेकिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेसाठी लघुपट करायचा होता आणि मी निवडला विज्ञान-भयपट. (वर्गातल्या बाकीच्या पोरी पाणीटंचाईवर माहितीपट करत होत्या. शहाण्या होत्या.) बाबांशी करार झाला होता: फिल्म जमली तर पुण्याला पुढचं शिक्षण, नाही तर गुपचूप बी.एड. बी.एड.चं कॉलेज त्यांनी बघूनही ठेवलं होतं, यावरून त्यांचा माझ्यावरचा विश्वास कळावा.

गोष्ट साधी होती. चिकलठाण्यातल्या एका घरात परग्रहवासी शिरतो आणि घरातली बाई त्याला झाडूनं बडवून पिटाळून लावते. घर आमचंच, बाई म्हणजे आई. विमानतळ जवळ असल्यानं यानाचा आवाज फुकट. कॅमेरा वर्गमित्र सोहेलचा, लग्नाच्या शूटिंगचा. अधिकात आपल्याकडची लग्नं बंद म्हणून तो रिकामा होता, पण दुसऱ्या दिवशी सोहेलच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं, निकाह. म्हणजे आमच्या हातात एकच दिवस.

त्याच सकाळी आमच्या परग्रहवाशाचा, वैभवचा, वैजापूरहून फोन आला.

"मला जमत नाय. कांदा मार्केटला न्यायचाय. बाप म्हनतो, भूत नंतर हो, आधी गोण्या भर."

वैभव सहा फुटी. त्याच्याच मापानं पन्नीचा पोशाख शिवलेला. आता एवढा उंच माणूस आणायचा कुठून? मी डोळ्यांत पाणी आणून वळले, तर समोर दारातून वाकून आत येत होते आमचे दाजी! ताईचं लग्न याच वर्षी झालेलं, आणि दाजी तिला घेऊन धोंड्याचं जेवायला, अनारशांचं वाण घ्यायला आले होते. त्यांना असं चौकटीखाली वाकताना पाहून मला देव भेटल्यासारखं झालं.

दाजी हौशी निघाले. "करू की! पण आईंना नका सांगू," एवढंच म्हणाले. ते बरोबरच होतं. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आई त्यांना पाटावरून उठू देत नव्हती. मेच्या उन्हात पन्नी गुंडाळू दिली असती व्हय? मग ताईनं थाप मारली की दाजी सिडकोत मित्राकडं गेलेत, आणि आम्ही त्यांना गच्चीवर सजवलं, मी उन्हापायी डोक्याला ओला टॉवेल बांधून. अंगभर गाडीच्या काचेची चंदेरी पन्नी, खांद्यांवर कूलरचा वाळा. डोक्यात पाण्याचा मोठा जार, बूड कापून, आतून हिरवा कागद आणि दिवा लावून. जाराचं तोंड वर, श्वासासाठी. जार हलत होता म्हणून मी तो गळपट्टीला प्लंबरच्या सोल्युशननं पक्का चिकटवला. (तो काढायचा कसा, हा विचार दिग्दर्शकाचा नसतो असं तेव्हा मला वाटत होतं.)

खिडक्यांना गोधड्या लावून भरदुपारी रात्र केली. दाजी आत शिरले आणि मी थक्क झाले. धोंडे वळता वळता उठून आलेली माझी आई पदर खोचून उभी, आणि समोर छताला टेकलेलं ते हिरवं, चमचमतं प्रकरण. मी हळूच "ॲक्शन" म्हटलं.

आईनं असा झाडू चालवला की बस्स. "माझ्या घरात? सणासुदीचं? नीघ मेल्या!" पाठीवर, खांद्यावर, जारावर. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात जारातून क्षीण आवाज आला, "अहो आई... हळू... मी आहे."

झाडू आईच्या हातातून गळून पडला. तिनं झटकन डोक्यावर पदर घेतला.

"जावईबापू?"

"हो."

"अगं बया, धोंड्याच्या दिवशी जावयाला झाडू!" मग माझ्याकडं वळून, "तुला नंतर बघते."

ताई जार ओढायला धावली. जार हलेना. दाजींची मान मात्र हलली, तेव्हा आम्ही थांबलो.

"करवत आणा," दाजी आतून म्हणाले.

"करवत नंतर," आई म्हणाली. "झाडू लागलेला जावई असा उभा ठेवते का मी? आधी ओवाळते."

मी "कट" म्हणायला तोंड उघडलं, तर सोहेल कुजबुजला, "नक्को बोलू. चालूच हाय."

आई निरांजन आणि अनारशांचं ताट घेऊन आली. अंधाऱ्या खोलीत तिच्या तोंडावर ज्योतीचा उजेड होता आणि वरून तो हिरवा. ती ओवाळायला लागली, सावकाश, जराही न भिता. नेमकं तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. भांडी थरथरली, पन्नी थरथरली. आईनं अनारशाचा तुकडा मोडून टाचा उंचावून जाराच्या तोंडातून आत सोडला (तो दाजींच्या भुवईवर अडकला, हे नंतर कळलं), आणि खाली वाकून त्या परग्रहवाशाच्या पायांवर डोकं ठेवलं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ते दाजी आहेत, जार आमच्याच स्वयंपाकघरातला आहे, सगळं विसरले मी. दुसऱ्या जगातून कुणीतरी खरंच आलंय, आणि त्याच्यापुढं न डगमगणारी एकटी माझी आई आहे, असंच वाटलं. तेवढं मोठं मी आजवर काही पाहिलेलं नाही.

करवतीनं दाजी सुटले. दोन वेळा जेवले. फिल्ममध्ये तो प्रसंग मी जसाच्या तसा शेवटी ठेवला. दुसरा शेवट शूट झालाच नव्हता.

परीक्षेला फिल्म संपली. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "पास. बाईंचं काम तर अफाट आहे. पण शेवटी कोपऱ्यातून चालत आलेली, डोक्याला ओला टॉवेल बांधून हात जोडून उभी राहिलेली ती पोरगी कोण? इतका बावळट चेहरा अभिनयानं आणायचा म्हणजे काय तयारी असेल हो तिची?"

"तयारी नाही सर," मी खाली मान घालून म्हणाले. "उपजतच आहे."