बिनचावीचा दिवा

नांदेडहून लातूरला एसटीने चार तास लागतात. एसटीचा संप असला तर किती लागतात, हे मला त्या शनिवारी कळलं.

मी नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. थोरली मुलगी शुभांगी बारावीला लातूरला, क्लासच्या जवळच खोली घेऊन राहत होती. भूकंपाला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. पूर्वी लातूरचं नाव काढलं की लोक हळहळायचे, आता 'कुठल्या क्लासला आहे?' म्हणून विचारायचे. मुलगी लातूरला आहे हे सांगायला मला आवडायचं. कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो.

बुधवारी तिचं पत्र आलं. 'बाबा, शनिवारी मला घ्यायला या. वाट बघते.' बाकी काही नाही. बायको म्हणाली, "घेऊनच या तिला." मी म्हणालो, "समजूत घालून येतो." समजुतीचं भाषण मी दोन दिवस तयार केलं होतं.

संपामुळे मोटारसायकल काढावी लागली. गाडी सासऱ्यांनी दिलेली, म्हणजे तिचं वय माझ्या लग्नाएवढं. हेडलाइट लागतो का, असं कुणी विचारलं तर मी 'लागतो' म्हणायचो. तो लागलाय हे बघायला मात्र काचेपुढे हात धरावा लागे.

दुपारी बाराला निघालो. लोह्यात एका हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना तिखट फोडणी देऊन करतात तो नाश्ता) खाल्ली. ती इतकी तिखट होती की दोनदा पाणी मागितलं आणि मग अजून एक प्लेट मागितली. शेजारच्या बाकावरचा ट्रकवाला माझ्या गाडीकडे बघत होता.

"मास्तर, लातूरला चाललाव का?"

"हो."

"दिव्याचं बघा आधी. चाकूरच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर ऱ्हातेत. त्यांना मागं दिवा न्हाई, तुमाला पुढं न्हाई. गाठ कशी पडावी?"

ही गाठ मला नको होती. अहमदपूरला पोचल्यावर वायरिंगवाल्याची चौकशी केली. सगळ्यांनी एकाच दुकानाकडे बोट दाखवलं, तेव्हा मी तिकडे गेलो.

दुकान म्हणजे लिंबाखाली पत्र्याचं शेड. मालक जब्बारभाई, पन्नाशीचे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांनी हेडलाइटची काच उघडली, आतली वायर दोन बोटांनी ओढली. ती तुटून हातात आली.

"साहेब, ही वायर न्हाई. सुतळी हाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. बॅटरीतून निघालेला करंट आधी चावीपाशी जातो, तिथून हँडलवरच्या बटणापाशी, प्रत्येक गंजलेल्या जोडापाशी थोडा थोडा सांडतो, आणि दिव्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला. हाच प्रयोग मी वीस वर्षं पोरांना टेबलावर मांडून देत आलो होतो. माझ्याच गाडीत तो रोज चाललाय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी जुनं सगळं उपटलं. बॅटरीपासून थेट जाड तांबडी वायर ओढली, तिला फ्यूज लावला, मध्ये रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारी डबी) बसवला आणि नवा हॅलोजन बल्ब घातला. बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर भर उन्हात पांढरा गोल पडला. मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

मी चावी काढली. दिवा चालूच राहिला.

"उस्ताद, काहीतरी चुकलंय. चावी काढल्यावर दिवा बंद झाला पाहिजे."

"चुकलं न्हाई. मी दिवा चावीवर ठेवत न्हाई. बटणावर ठेवतो."

"अहो, विसरलो तर बॅटरी उतरेल ना."

"उतरंल. लई तर ढकलावी लागंल."

मी शास्त्र सांगू लागलो. कंपनी असं का करत नाही, वगैरे. जब्बारभाई पाना पुसत ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "भूकंपात मी बहिणीच्या गावाला होतो. किल्लारीच्या बाजूला. तवा मी ह्या धंद्यात न्हवतो, शिलाईकाम करायचो. अंगणात गाडीपाशी झोपलेलो. उठलो तवर घर न्हाई. नुसता मातीचा ढीग, न् अंधार. बहीण आवाज दिऊन राहिली होती. कुठून, ते दिसंना. गाडी हाय, बॅटरी हाय, दिवा हाय. चावी आत, खुंटीवरच्या शर्टात."

"मग?"

"मग काय. हातानं उकरलं. एका जागी उकरलं की आवाज दुसरीकडून यायचा. उजाडल्यावर सापडली. तवर आवाज बंद झालता."

त्यांनी पाना पेटीत ठेवला. "ह्या बाजूच्या समद्या गाड्या माझ्या अशाच हायेत. तुमाला चावीवरच पायजे आसंल तर करून देतो. अर्धा घंटा लागंल."

मी राहू द्या म्हणालो. माझं शास्त्र बरोबर होतं, पण ते पुन्हा बोलायची मला लाज वाटली.

या सगळ्यात साडेपाच वाजले होते. चाकूरनंतर अंधार पडला आणि दिव्याने आपली किंमत वसूल करून दिली. खड्डे दिसत होते, खड्ड्यातलं पाणी दिसत होतं, ट्रॅक्टरमागे लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढं दिसत होती. समोरून येणारे शिव्या देत होते, तेही बहुतेक नीट दिसत होते.

लातूरच्या त्या गल्लीत शिरलो तेव्हा सात वाजून गेले होते. घराच्या पायऱ्यांवर शुभांगी पत्र्याच्या पेटीवर बसली होती. पेटीला कुलूप, वर वळकटी बांधलेली. चारपासून बसली होती, असं घरमालकीणबाईंनी सांगितलं. मी सवयीने चावी काढून खिशात टाकली आणि तिच्याकडे गेलो.

"बाबा, निघायचं?"

"आता? अंधारात? सकाळी बघू."

जेवणानंतर मी भाषण केलं. चांगलं झालं. हजारो मुलं शिकतात, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, मागे फिरलीस तर लोक काय म्हणतील, सगळं आलं. तिने खाली बघत ऐकलं आणि "बरं," म्हणाली. मग पेटीचं कुलूप काढलं आणि पुस्तकं एकेक करून परत फळीवर लावली. मी जिंकलो होतो आणि मला झोप लागली नाही.

सकाळी गाडीला किक मारली. काहीच नाही. रात्री दिवा चालूच राहिला होता आणि बॅटरी उतरली होती.

"कुणी सांगितलं नाही मला?" मी घरमालकीणबाईंना विचारलं.

"रात्री करंट गेलता की. वरच्या दोघी पोरी दिव्यापुढं वह्या घेऊन बसल्या. म्या म्हनलं, मास्तर मानूस, मुद्दाम अभ्यासाला ठिवला आसंल."

त्या गावात अभ्यासाला लावलेला दिवा कोण विझवणार?

गाडी ढकलून सुरू करण्यावाचून इलाज नव्हता. क्लासला निघालेली चार-पाच मुलं जमली. भावी इंजिनिअर होते, त्यामुळे प्रत्येकाचं मत वेगळं पडलं. ढकललं शुभांगीने. "चालू झाली की थांबू नका बरं का काका," एक जण ओरडला, "थांबलात की बंद पडेल."

गल्लीच्या टोकाला इंजिनाने खोकून एकदाचा सूर धरला. मी ॲक्सिलरेटर पिळला. आरशात बघितलं. मुलं पांगली होती. शुभांगी गल्लीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात अजून पुढे, ढकलताना होते तसेच. ती हाका मारत नव्हती. पत्रात लिहून झालं होतं, पायऱ्यांवर बसून झालं होतं, आता ती काहीच म्हणत नव्हती.

मी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं.

ती धावत आली. "बाबा, थांबलात कशाला? बंद पडली ना आता."

"पडू दे. पेटी घेऊन ये."

तिने पेटी भरून आणली, मागे बसली आणि जी रडायला लागली ती चाकूरपर्यंत माझ्या पाठीला डोकं टेकून रडत होती. अहमदपूर-लोह्याच्या मध्ये तिला भूक लागली.

गाडी नांदेडपर्यंत तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा तिनेच ढकलली. कॉलेजात सोमवारी सगळ्यांनी विचारलं, मुलगी लातूरला ना? मी म्हणालो, नाही, घरी आहे. हे सांगायलाही आवडतं, असं माझ्या लक्षात आलं.