टाकीवरचा फेस अन् माळ्यावरचं भंगार

हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान शहराचं मैलापाणी साफ करायच्या प्लांटवर मी ऑपरेटर. गेल्या हिवाळ्यात आमच्या मैलापाण्यात हवा सोडायच्या टाकीवर तपकिरी, चिकट फेस चढला. चढता चढता काठ ओलांडून पायवाटेवर आला. मला चपलेसकट गिळायला निघाला मेला! ठेकेदाराचे साहेब माझ्या लेकाच्या वयाचे. बघून म्हणाले, "काका, पंधरा दिवसांनी तपासणी आहे. तोवर फेस गेला नाही, तर तुम्हीच घरी जा." पंचावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडं कोण ठेवणार?

काय काय नाही केलं मी! पाइपानं पाणी मारलं. फेस बसायचा, चहा पिऊन येईस्तोवर पुन्हा वर. खराट्यानं झोडपला. नारळही फोडला. मग शेजारच्या मंगल कार्यालयात जाऊन भांडलो, की तुमच्या भांड्यांच्या साबणानंच हे झालं. तिथला आचारी शांतपणे म्हणाला, "मामा, साबणाचा फेस पांढरा असतो. व्हय का न्हाई?" तसाच परत आलो.

घरी बायकोपुढं रडगाणं गायलं. तिनं विचारलं, "टाकीत रोज नवीन घाण येते. मग तळचा जुना गाळ किती काढता?"

"काढतो कशाला? ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, त्या गाळात जिवंत जंतू असतात, तेच पाणी साफ करतात. चार महिने थेंब बाहेर जाऊ दिला न्हाई मी!"

तिनं कपाळावर हात मारला. "गाडग्यात रोज दूध ओतायचं अन् दही काढायचंच न्हाई, तर काय व्हईल? विरजणापुरतं ठेवावं, बाकी काढावं. पण तुमाला काही टाकवतंय का? माळ्यावर बघा, पंपाच्या जळक्या मोटारी, एका पायाच्या चपला!"

असा राग आला मला! हिला काय कळतं प्लांटमधलं, असं पुटपुटलोसुद्धा. पण सकाळी जाऊन गुमान गाळाचा व्हॉल्व्ह फिरवला. रोज थोडा थोडा गाळ सुकवायच्या वाफ्यात सोडला. वरचा फेस खरवडून बाहेर टाकला, परत टाकीत जाऊ दिला नाही. दहा-बारा दिवसांनी टाकीचं पाणी दिसायला लागलं.

तपासणी झाली. साहेब म्हणाले, "काका, राहा तुम्ही." मी मिशीला पीळ देत, पेढे घेऊन घरी आलो.

दारात भंगारवाल्याचा गाडा. माझा सगळा माळा त्यात भरलेला.

"अगं, काहून?"

"इथं बी चढत चालला हुता," ती म्हणाली.

नोकरी तिनंच वाचवली होती. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला अन् ती वळल्यावर गाड्यातला बापाचा बंद पडलेला रेडिओ हळूच उचलला.

तिनं बघितलंच. पण हसली.

"ठेवा. विरजणापुरता."