ड्रायव्हरचा बाप

आबांचा आवाज संसदेत कुणी ऐकला असेल तर शपथ. उभा जन्म त्या माणसाने सभागृहाच्या दारावर काढला, आणि दारावरच्या माणसाने बोलायचं नसतं. दार उघडायचं, मान लववायची, घंटा झाली की दार ओढून घ्यायचं. आत कुणी कुणाची आईबहीण काढली तरी चेहरा असा ठेवायचा, जणू आत्ताच अंघोळ करून आलोय. किती मंत्री त्या दारातून रडत बाहेर पडले, कोण कुणाच्या पाया पडलं, सगळं आबांनी पाहिलं होतं. घरी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा तो दरवाजा बरा. निदान कुरकुरतो तरी."

उंच, शिडशिडीत माणूस. कोटाला इस्त्री स्वतः करणार, बुटांना पॉलिश स्वतः करणार. सूनबाईने एकदा कौतुकाने बूट चमकवून ठेवले, तर "छान केलेस" म्हणाले आणि तिची पाठ वळताच पुन्हा ब्रश घेऊन बसले. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्या दोन खोल्यांत आबा, त्यांची बायको, लेक आणि सून.

लेक बापाच्या अगदी उलटा. याची बडबड आधी जिना चढायची, हा मागून. विरोधी पक्षाच्या एका खासदाराची गाडी चालवायचा. खासदार पेशाने डॉक्टर, म्हणून सगळा गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचा. डॉक्टरांनी एका सभेत सरकारची सालटी काढली, आणि परत येताना पोलिसांनी पुलावर गाडी अडवून दोघांनाही उचललं. डॉक्टरांचा गुन्हा भाषण. पोराचा गुन्हा काय, तर तो गाडी चालवत होता! अहो, ड्रायव्हर गाडी नाही चालवणार तर काय करणार?

डॉक्टरांसाठी मोर्चे निघाले, भिंतीभिंतीवर त्यांचे फोटो लागले, परदेशातल्या बातम्यांत त्यांचं नाव आलं. ड्रायव्हरच्या बाजूने कोण? बाप, आई आणि बायको. तुरुंगाच्या खिडकीवरून "भेट बंद आहे" एवढं ऐकून तिघं परत यायची. वकील म्हणाला, "डॉक्टर सुटले की तोही सुटेल. तो काय, त्यांच्या मागचा डबा." घरात सगळ्यांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. दुसरं धरायला होतं काय?

त्यात ते अधिवेशन आलं. देशोदेशीच्या खासदारांची एक संघटना आहे. कधी या देशाच्या संसदेत, कधी त्या देशाच्या, त्यांचं अधिवेशन भरतं. भाषणं होतात, ठराव होतात, फोटो निघतात. पण एक काम ती संघटना मनापासून करते. कुठल्याही देशात खासदाराला तुरुंगात टाकलं की त्याच्यासाठी भांडते. यंदा अधिवेशन आबांच्या संसदेत होतं, आणि संघटनेच्या अध्यक्ष होत्या एका लांबच्या छोट्या देशातल्या बाई. पूर्वी शाळेत शिकवायच्या म्हणे. विमानातून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "तुमच्या सभागृहात एक खुर्ची रिकामी आहे. ती रिकामी असताना मला अध्यक्षांच्या खुर्चीवर बसायला लाज वाटेल." सरकारच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या जगासमोर मिरवायचं ठरलेलं, आणि पाहुणीच नाक कापायला निघालेली.

अध्यक्षबाईंच्या दालनाच्या दारावर कोण, तर आबा. त्यांच्याइतका नीटनेटका आणि मुका माणूस दुसरा कुठून आणायचा? सभागृहाच्या अधीक्षकांनी आबांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आबा, वरून मला विचारत होते, त्याचा पोरगा आत आहे ना, त्याला तिथे कशाला? मी सांगितलं, आबांची हमी माझी. माझी मान तुमच्या हातात आहे, बरं का." बघा म्हणजे. कुणी धमकी दिली असती तर आबांनी कदाचित झुगारलीही असती. विश्वासाला काय करणार?

घरी ही बातमी कळल्यावर बायकोचा चेहरा उजळला. "देवच पावला! ती तुमच्या दारातून जाणार. एक शब्द टाका. एकच!"

"दारावर बोलायचं नसतं गं."

"मग दार सोडून बोला! पोर तुमचंच आहे ना?"

पहिल्या दिवशी सकाळी अध्यक्षबाई आल्या. ठेंगण्या, चालताना थोड्या लंगडत होत्या, बरोबर एक दुभाषी मुलगी. आबांनी दार उघडलं, मान लववली. आजवर हजारो माणसं त्या मानेकडे न बघता आत गेली होती. बाई थांबल्या. त्यांनी आबांकडे नीट पाहिलं, काहीतरी बोलल्या, आणि दुभाषी मुलगी म्हणाली, "बाई विचारताहेत, तुम्ही दिवसभर असेच उभे राहणार का? तुम्हाला काही हवंय का? काहीही असलं तर सांगा म्हणतात."

काहीही असलं तर! एवढं आयतं ताट समोर आलं होतं. पोराचं नाव आबांच्या जिभेच्या टोकाशी आलं. आणि तोंड उघडलं तेव्हा बाहेर काय पडलं? "सगळं व्यवस्थित आहे, बाईसाहेब." इतक्या वर्षांची जीभ ती, तिला दुसरं वाक्य पाठच नव्हतं. बाई हसल्या, आत गेल्या. आबांनी दार ओढून घेतलं आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांचा चेहरा त्या क्षणी दारावर उभं राहण्याजोगा नव्हता.

संध्याकाळी बायकोने विचारलं आणि आबांनी खरं ते सांगितलं. खोटं बोलायचीही सवय नव्हती ना! बायकोने हातातलं भांडं असं आदळलं की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं.

"व्यवस्थित? माझा पोरगा कोठडीत सडतोय आणि तुमचं सगळं व्यवस्थित?" ती म्हणाली. "जळो ते तोंड. मंत्र्यांची लफडी लपवायला चांगलं आहे ते. स्वतःच्या पोरासाठी उघडत नाही."

"आई, राहू द्या ना," सूनबाई म्हणाली. "उद्या बोलतील बाबा. बोलाल ना बाबा?" तिच्या आवाजातल्या त्या गोडव्याने आबांना भांड्याच्या आवाजापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आबा बोलले. सकाळी अध्यक्षबाई दाराशी आल्या तशी त्यांनी दार उघडलंच नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. दुभाषी मुलगी गोंधळली. पलीकडे उभे असलेले अधीक्षक पांढरे पडले. आबा म्हणाले, "बाईसाहेब, काल मी खोटं बोललो. माझा मुलगा डॉक्टरांचा ड्रायव्हर. त्यांच्याबरोबर आत आहे. त्याने काही केलं नाही हो. त्याने फक्त गाडी चालवली." आवाज घोगरा, शब्द तुटक. दुभाषी मुलीचे डोळे भरून आले, पण तिने शब्दन् शब्द पोचवला. आणि अधीक्षक? त्यांनी पाठ फिरवली आणि भिंतीवरचं चित्र बघू लागले. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

अध्यक्षबाईंनी आबांना दालनात नेलं. इतक्या वर्षांत आबा त्या दालनातल्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले, तेही अगदी कडेवर, केव्हाही उठता येईल असे. बाई बोलल्या आणि दुभाषी मुलगी हळूहळू सांगत गेली.

"आमच्या संघटनेचा नियम फक्त खासदारांचा आहे. खासदाराला पकडलं तर मी जाब विचारू शकते. त्याच्या ड्रायव्हरसाठी, माळ्यासाठी, भावासाठी नाही. नियम कुणी केला विचारू नका, मी यायच्या आधीपासूनचा आहे."

"तुम्ही अध्यक्ष आहात," आबा म्हणाले.

"लोकांना वाटतं अध्यक्ष म्हणजे फार मोठं काहीतरी. मी घंटा वाजवते. मतं देशोदेशीच्या लोकांची, तुरुंग ज्याचे त्याचे. माझ्याकडे मागण्याची एक संधी असते, पहिल्या दिवसाची. तेव्हा सगळे घाबरलेले असतात." बाई थांबल्या. पुढचं सांगावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. आणि शेवटी त्यांनी सांगितलं, कारण त्या सरळ होत्या. "काल रात्री तुमच्या सभापतींबरोबर जेवताना सगळं ठरलं. उद्या डॉक्टरांना सोडणार, सभागृहात आणणार. त्याबदल्यात मी सरकारचं कौतुक करायचं. काल मी आणखी एक नाव घातलं असतं तर त्यांनी होच म्हटलं असतं. मला ते नाव माहीत नव्हतं."

काल सकाळी त्या नावाला बाहेर यायला दार सताड उघडं होतं, आणि ते कुणी लावलं, हे आबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी तरी आज पुन्हा बोलते," बाई म्हणाल्या. "अध्यक्ष म्हणून नाही. माणूस म्हणून."

दुपारी त्या सभापतींकडे गेल्या आणि लगेच परत आल्या. दाराशी थांबून त्यांनी दुभाषी मुलीलाही बोलू दिलं नाही, नुसती मान हलवली. मुलीने मागून आबांना सांगितलं, "सभापती हसले. म्हणाले, कोण ड्रायव्हर? बाईंनी जास्त ताणलं तर म्हणाले, मग कालचंही राहू द्या. बाई गप्प बसल्या." आबांना बाईंचा राग आला नाही. राग यायलाही समोरच्याच्या हातात काहीतरी असावं लागतं.

तिसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. परदेशी खासदार, कॅमेरे, फुलं. डॉक्टरांना मागच्या वाटेने आणलं. निम्मे झाले होते बिचारे, कोट खांद्यांवर लोंबत होता. त्या दिवशी सभागृहाच्या दारावरही आबाच उभे. डॉक्टरांनी आबांना ओळखलं आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"आबा! पोरगा घरी पोचला ना? मी हट्टच धरला होता, तो सुटल्याशिवाय मी पाऊल बाहेर टाकणार नाही. तेव्हा कुठे काल सांगायला आले, ड्रायव्हरला सोडलं म्हणून."

म्हणजे एक माणूस होता, ज्याने त्यांच्या पोराचं नाव घेतलं होतं. आणि त्याला फसवून बाहेर आणलं होतं. "नाही, साहेब!" आबा ओरडले. हो, ओरडले, त्या इमारतीत पहिल्यांदा. "नाही सोडला! तो आतच आहे!" पण तेवढ्यात आतल्या लोकांना डॉक्टर दिसले आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठलं. असल्या कडकडाटात कुणाला काय ऐकू येणार? डॉक्टरांनी आबांचे हलणारे ओठ पाहिले, ओलावलेले डोळे पाहिले, त्यांना वाटलं म्हातारा आभार मानतोय. हसून त्यांनी आबांचा खांदा थोपटला आणि कॅमेऱ्यांच्या उजेडात पुढे गेले. वर खुर्चीवरून अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. घंटा झाली की दार लावायचं. आबांनी दार लावलं.

सगळे पांगल्यावर ते चालत घरी निघाले. डॉक्टरांना गाठायला गेले होते, पण त्यांच्याभोवती माणसांचं आणि पोलिसांचं कडं होतं. दुभाषी मुलीने बाईंच्या कानावर घालते असं कबूल केलं होतं, पण बाईंचं विमान संध्याकाळचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी दुकानदाराने हात वर केला. "आबा, अभिनंदन! आत्ताच रेडिओवर ऐकलं. डॉक्टर आणि त्यांच्याबरोबरचे सगळे सुटले!"

आबा भराभर चालू लागले, निदान आपण आधी पोचावं म्हणून. पण बातमी कधीच पोचली होती. जिन्याखाली शेजारपाजारची माणसं जमली होती. सूनबाईने ठेवणीतले कपडे घातले होते. बायको तर रस्त्यावरच येऊन उभी होती, केस नीट विंचरलेले, चेहरा कितीतरी दिवसांनी हसरा. सूनबाईने सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि जिन्याचा कठडा धरून ती तिथेच पायरीवर बसली.

बायको आबांच्या खांद्यावरून मागे बघत होती. रस्त्याच्या वळणाकडे.

"अगं, ऐक," आबा म्हणाले. "तो नाही आला."

"ते दिसतंय मला," ती म्हणाली. "गाडी लावायला गेला असेल. एवढ्या लांब कशाला गेला पण? इथे समोर जागा आहे की." आणि कडेला कुणाची तरी सायकल उभी होती, ती तिने दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवली.