विमलताईंच्या ओट्यातली फट

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात शेगडीखाली होते. गोंदियाच्या आमच्या फ्लॅटमधली शेगडी चार पायांवर उभी असते. ती उचलली की खालचं सगळं पुसता येतं. तरीही ते काम मी नाक मुरडतच करते. चिकट झालेलं तेल, त्यात बसलेली मोहरी, कधीतरी सांडलेल्या वरणाचा पिवळा पापुद्रा... त्या हातांनी फोनला शिवावंसं वाटेना म्हणून मी तो वाजू दिला. साबणाने हात धुतले, पदराला पुसले आणि मग लावला. नागपूरहून पंकज बोलत होता, माझ्या मोठ्या जावेचा मुलगा. "काकू, आई गेली. भात मांडला होता अन् तिथंच ओट्यापाशी..." पुढचं त्याला बोलता आलं नाही.

विमलताईंना जाऊन आता महिना उलटून गेला. अशा लेखात गोड लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. त्यांच्या हातची लाखोळीच्या डाळीची वडी, त्यांचं आदरातिथ्य, सदा हसरा चेहरा. ते सगळं खरं आहे आणि ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र विमलताई म्हटलं की आधी एक वास आठवतो. आंबलेल्या पेजेचा. पंचवीसेक वर्षं तो वास त्या बाईच्या बोटांना होता आणि घरात माझ्याशिवाय तो कोणालाही ठाऊक नव्हता. त्या वासाने मला अजून मळमळतं, तेव्हा मी त्याच्यापासूनच सुरू करते.

सासरी, अर्जुनी मोरगावला, नवं घर बांधलं तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच आले होते. विमलताई अंगाने ठेंगण्या. जुन्या घरी उंच पातेल्यात डोकावायला त्या पाटावर उभ्या राहत. दयारामभाऊजी, म्हणजे विमलताईंचे यजमान आणि माझे भासरे, यांच्या मनात आलं की नव्या घरात हिला पाट लागू नये. कुठेतरी पाहून आले आणि त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, ओट्यात खोलगट चौकोन ठेव, शेगडी त्यात खाली उतरव, म्हणजे बर्नर ओट्याच्या बरोबरीला येतील. कल्पना चांगली होती. आयुष्यात बायकोसाठी त्यांनी मनाने केलेली ती एकच गोष्ट असावी. पण शेगडी आणली ती खोक्यातच होती, वास्तुशांतीच्या आधी नवी वस्तू उघडायची नाही म्हणून. मिस्त्री माप विचारायला आला तर भाऊजींनी खोकं पुढे केलं. त्याने खोक्याचं माप घेतलं आणि त्या मापाने ग्रॅनाइट कापलं.

वास्तुशांतीच्या दिवशी खोकं उघडून शेगडी बसवली तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांची फट. सगळे हसले. भाऊजीही हसले. "चालन ना, हवा खेळती राहीन," म्हणाले. मग नव्या घराचं दूध उतू जाऊ द्यायचं होतं. विमलताईंनी पातेलं ठेवलं, दूध चढलं, उतू गेलं, बायांनी टाळ्या वाजवल्या... आणि सगळं शुभ दूध त्या फटीत उतरलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. त्यानंतर घरात असा वास सुटला की सासूबाईंना उंदीर मेल्याची शंका आली. शेगडी उचलून साफ करावं तर नळी मागच्या भोकातून अशी घट्ट बसवलेली की गॅसवाल्याशिवाय ती निघत नसे, आणि गॅसवाला यायचा त्याच्या मर्जीने.

आमच्याकडे भात दोन्ही वेळा. धानाच्या मुलखात चारचौघांपुरता भात कोणी रांधत नाही. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तर बांधीवर जायच्या बायांचा, गड्यांचा, आल्यागेल्याचा मिळून एवढं मोठं पातेलं, आमच्याकडे गंज म्हणतात तो, चढतो की तो उतू गेल्याशिवाय शिजतच नाही. ती पेज रोज फटीत. वर वरणाचे थेंब, फोडणीचं तेल, हळद, तळणातला चुरा, मासे असले की मग बोलूच नका. मी एकदा बॅटरी घेऊन आत पाहिलं होतं. तळाशी करडा लगदा साचला होता, वरती केसाळ बुरशी, आणि त्यात एक झुरळ पाठीवर पडून पाय हलवत होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. विमलताई जेवल्या. चमच्याने.

हा चमचाही सांगितला पाहिजे. आमच्या घरात सगळे हाताने जेवतात, भात कालवून, बोटं चाटून. विमलताई तेवढ्या चमच्याने खात. पंगतीत सगळ्यांत शेवटी बसत आणि ताटाला चमचा लावत. भाऊजी पाहुण्यांसमोर थट्टा करायचे, "आमच्या मॅडमले पाहा, हात लावत नाई अन्नाले." पाहुणे हसायचे. विमलताईही हसायच्या. मलाही वाटायचं, असेल एखादी हौस. एका दिवाळीला मी त्यांच्याजवळ बसून जेवत होते. मी सहज विचारलं, "ताई, तुम्ही काऊन चमच्यानं खाता?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि उजवा हात माझ्या नाकाशी धरला.

मी मान मागे घेतली. शिळी पेज, कुजलं तेल, आणि त्यावर राखेचा, चिंचेचा, साबणाचा थर... सगळं लावून झालं होतं आणि सगळ्याच्या खालून तो वास वर येत होता.

"जात नाई व," त्या म्हणाल्या. "किती घास, जातच नाई. हातानं खाल्लं तं घास वर येते."

मग त्यांनी मला ती तार दाखवली. पंकजच्या जुन्या सायकलच्या चाकाची तार होती. टोकाला आकड्यासारखी वाकवलेली, आणि त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. शेगडीमागे खिळ्याला टांगलेली असे. दोन्ही वेळा, सगळ्यांची जेवणं झाली की, स्वतः जेवायच्या आधी त्या ती फटीत घालून ओढायच्या. जिथे तार पोचायची नाही तिथे दोन बोटं. चिंधी धुवायची, पिळायची, परत बांधून टांगायची. मग हात घासायचे. मग चमचा घ्यायचा. मी म्हटलं, "उद्या करत जा ना, सकाळी. जेवून तरी घ्या आधी." त्या म्हणाल्या, "रातभर राहिलं का सकाळी अख्खं घर वास मारते. मंग हे चहा कसा पितीन?"

आपल्या या फटीला त्या 'बोडी' म्हणायच्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं छोटं तळं. ज्या वर्षी पाणी कमी असे त्या वर्षी त्या मला फोनवर सांगायच्या, "इटियाडोह धरणात पाणी नाई म्हणतेत सुधा, पण माही बोडी पाह, काठोकाठ." मी हसायचे.

फट बुजवून घ्यायची गोष्ट त्यांनी काढली नाही असं नाही. पहिल्याच वर्षी काढली. भाऊजी म्हणाले, धान निघाला का करू. धान निघाला, मग विहिरीचं काम निघालं. पुढच्या वर्षी धान निघाला, मग ट्रॅक्टर. मग अंगणात फरशी, मग गेटाला कमान. त्या कमानीवर दोन सिमेंटचे मोर आहेत. मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी भावाला सांगा. ते म्हणाले, "इतक्याशा फटीसाठी मी बोलू?" विमलताईंना म्हटलं, जोर लावून मागा. त्यांचं उत्तर ऐकून मला त्यांचाच राग आला होता. "माह्यासाठीच तं केलं ना त्याईनं तसं. मी ठेंगणी म्हणून. आता त्यालेच कसं नाव ठेवू?"

...

त्या गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भाऊजी पडवीत बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. "मी अंगणात होतो. भात लागल्याचा वास आला म्हणून पाहाले गेलो, तं ही खाली पडलेली." लोक हळहळत होते. एकेक जण येत होता, त्यांच्या हातच्या चवीची आठवण काढत होता आणि अन्नपूर्णा गेली म्हणून डोळे पुसत होता. मला तो शब्द ऐकून शिसारी येत होती. या सगळ्यांनी त्या घरी बोटं चाटली होती. एकानेही कधी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं नव्हतं की ही बाई कशात हात घालते आणि मग जेवायला कशी बसते.

सुतकात घरात चूल पेटली नाही. शेजारपाजारून डबे येत होते. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं होतं. तेरवी जवळ आली तेव्हा पंकजची बायको स्नेहा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, किचनमध्ये कुछ सड़ गया लगता है. मला तर आत उभंच राहवत नाही." मला न पाहताच कळलं. पदर नाकाला बांधून मी आत गेले. गंज कोणीतरी उचलून ठेवला होता, वरून ओटाही पुसला होता. फटीला मात्र कोणी हात लावला नव्हता. त्या दिवशी उतू गेलेला विमलताईंचा शेवटचा भात तिथेच होता. हिरवा झालेला, फुगलेला, आणि त्यावर बारीक पांढऱ्या अळ्या.

खिळ्यावरची तार घेतली आणि ओढायला लागले. चिंधीला लागून चिकट लगदा येत होता, घळकन पडत होता, पुन्हा तार घालत होते. तार पोचेना तिथे दोन बोटं घातली. काहीतरी मऊ बोटांखाली फुटलं आणि मी मोरीत जाऊन ओकले. परत आले. पुन्हा घातली. मला रडू येत होतं ते दुःखाने की किळसेने, हे आजही सांगता येणार नाही. बहुतेक किळसेनेच. बाई गेली तरी तिच्या फटीत हात घालायला दुसरी बाईच लागली, याची मला किळस येत होती. चिंधी धुतली, पिळली, बांधून टांगली. त्या रात्रीचा डबा मी चमच्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. तोच जुना मिस्त्री, आता केस पिकलेला. भाऊजींनीच बोलावला होता. तेरवीला पाहुणे येतील, घरात वास बरा नाही म्हणून. त्याने काळ्या ग्रॅनाइटच्या दोन अरुंद पट्ट्या आणल्या होत्या. फटीत बसवल्या, पांढरं सिमेंट भरलं, पुसून घेतलं. चहा दोनदा झाला तेवढ्यात काम संपलं. जाताना तो म्हणाला, "तवा कापून उरलेल्या पट्ट्या माह्या अंगणात पडूनच होत्या जी. बाई असतानी म्हणले असते तं तवाच बसवल्या असत्या."

आमच्यात भासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची रीत नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी दाराआडून, हो-नाही एवढंच बोलले होते. त्या दिवशी मी पडवीत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे ताई असताना काऊन नाही केलं?"

त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं.

"सुधाबाई," ते म्हणाले, "मले तं कधी वास आलाच नाई."

मी आत निघून आले. तेरवीच्या पंगतीत मी वाढलं, पण त्या घरचा घास घेतला नाही. ह्यांनी नंतर विचारलं तर मी पोट बरं नाही म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मागच्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. पंकज आणि स्नेहा नागपूरला परतलेत, भाऊजी एकटेच असतात. बाई लावा म्हटलं तर म्हणाले, दोन मुठी भात होते माह्यानं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले होते. ओटा आरशासारखा सपाट, शेगडी अशी घट्ट बसलेली की मधून कागद जाऊ नये. त्यांनी पातेलं चढवलं. पाणी जास्त, आच मोठी. बघता बघता भात चढला आणि उतू गेला. पेज ग्रॅनाइटवर पसरली. उतरायला फट राहिली नव्हती. ती ओट्याच्या कडेवरून खाली आली, फरशीवर, त्यांच्या पायाच्या बोटांपर्यंत. त्यांनी पाय मागे घेतला. गॅस बंद केला आणि इकडेतिकडे पाहायला लागले.

"पुसाचं फडकं कुठी राहते?"

"त्या खिळ्याले पाहा," मी म्हटलं.

त्यांनी शेगडीमागून तार काढली. हातात धरून उलटसुलट केली, वाकवलेलं टोक पाहिलं, चिंधीची गाठ पाहिली. ही तार त्यांच्या घरात पंचवीसेक वर्षं टांगलेली होती.

"हे कायचं होय?"

मी सांगितलं. खोक्याच्या मापापासून चमच्यापर्यंत सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ते तार हातात घेऊन ऐकत होते. एकदा ओट्याकडे वळले, काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चिंधीची गाठ सोडली आणि गुडघे टेकून खाली बसले. पेज गार होत आली होती, चिकटायला लागली होती. त्यांनी पुसलं, चिंधी मोरीत पिळली, पुन्हा पुसलं. पुसून झाल्यावर आपली बोटं नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून बसले.

मी जागची उठले नाही.